रक्त परत यायचा वेळ

काचेची पट्टी बोटाच्या टोकावर ठेवायची,
कातडी पांढरी होईतो दाबायची,
मनात दहा आकडे, मग सोडायची.
आणि थांबायचं.
रक्त किती वेळात परत येतं
एवढंच लिहायचं असतं मला.

एलेओदोरो वेनचूरचं यायला आठ सेकंद लागले,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
आठ सेकंद म्हणजे काय
ते त्या खाटेशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चिलोए बेटावरचा पाणबुड्या तो.
शिंपल्यांच्या दोरांखाली बावीस वर्षं.
पोटरीला गंजकी तार लागली, त्याने चिकटपट्टी लावली,
चौथ्या दिवशी बायकोला म्हणाला, थंडी वाजतेय.
असं तो कधी पाण्यातसुद्धा म्हणाला नव्हता.
फेरीबोटीच्या पोटात अँब्युलन्स चढली,
सामुद्रधुनी ओलांडेपर्यंत रक्तदाब इतका खाली
की दुसऱ्या परिचारिकेने यंत्र बदलून पाहिलं.

इस्मेनियासमोर मी नऊ पानं ठेवली.
सांगितलं, आमच्या अभ्यासात दोन वाटा.
एकीत बोट दाबून ठरवतो सलाईन किती, औषध किती,
दुसरीत रक्तातलं लॅक्टेट मोजून.
बरी कोणती? तिने विचारलं.
माहीत नाही, म्हटलं.
माहीत असतं तर चिठ्ठी टाकणं पाप झालं असतं.
तिने पहिलं पान वाचलं,
मग माझा चेहरा.
चेहऱ्याला जास्त वेळ लागला.
सही केली. संगणकाने चिठ्ठी काढली: बोट.

नळी घशात गेल्यावर मी टेप काढली.
टाळूपासून टाचेपर्यंत.
इस्मेनिया दारातून ओरडली.
त्यांच्या गावात निजल्या माणसाचं माप
एकटा सुतार घेतो.
मी टेप हातात तशीच धरून सांगत सुटले
की फुप्फुस उंचीने ठरतं हो, वजनाने नाही,
माणूस पोटाने सुटतो, सलाईनने फुगतो,
ते मात्र विशीत होतं तेवढंच राहतं,
जास्त हवा कोंबली तर जगवता जगवताच फाटतं.
एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. एका श्वासाला तीनशे साठ मिलिलिटर,
थेंबभर जास्त नाही.
ती टेपकडेच बघत होती.
मी ती गुंडाळली आणि खिशात घातली.

मग दर अर्ध्या तासाने बोट.
आठ. सात. सात. पुन्हा आठ.
पहाटे पाच. उजाडताना चार.
व्हेंटिलेटर आपलं मोजून देत होता, मोजून घेत होता,
सावकारासारखा, पण खोटं न लिहिणारा.

आणि मग नव्वदावा दिवस.
त्या दिवशी फोन करायचा असतो.
प्रश्न एकच: आहे का?
फॉर्मवर चौकोन दोन.
त्याआधी मी बेटाचा रेडिओ लावते,
दुपारी तिथे गेलेल्यांची नावं वाचतात.
नियमावलीत हे कुठे नाही.

आहे, इस्मेनिया म्हणाली.
जेवतो. बटाटे सोलतो. पाण्यात उतरत नाही.
रात्री उठून बसतो, म्हणतो कोणी माझा श्वास ढकलतंय.
आणि दिसेल त्याचं बोट दाबतो,
नातीचं, माझं, परवा तर पाद्रीबाबांचं,
आणि मोजत बसतो.
मी म्हटलं, पण तो तर गुंगीत होता सगळे दिवस.
होता, ती म्हणाली.

मग तिने विचारलं,
कळलं का कोणती वाट बरी?
अजून नाही, म्हटलं. अजून चारशे माणसं यायची आहेत.
पलीकडे पाऊस पत्र्यावर ऐकू येत होता.
चारशे, ती म्हणाली.
कोणी न येवो हो.
माझ्या तोंडून 'आमेन' निघालं,
आणि माझी नोकरी त्या चारशेंवर आहे.

पुन्हा फोन कराल?
नाही, अभ्यास नव्वदाला संपतो.
बरं, ती म्हणाली,
मग आम्ही करू. नंबर आलाय ना आता.